पुढचं डावं चाक

चाकातून घासल्याचा आवाज यायला लागला की साधा माणूस गाणी मोठ्याने लावतो आणि गॅरेजला जायचं पुढच्या महिन्यावर ढकलतो. कानसे यांच्या नशिबात ती सोय नव्हती. एक तर गॅरेज त्यांचंच होतं. गाडी त्यांच्या थोरल्या बहिणीची होती आणि बहीण गाडीशेजारी स्टूल टाकून बसलेली होती. आणि ज्या डिस्क ब्रेकमधून तो आवाज येत होता, तो त्यांनीच आदल्या दिवशी, स्वतःच्या हाताने आणि स्वतःच्या हौसेने बसवला होता. म्हणजे शिव्या घालायला दुसरं कोणी हाताशी नव्हतं.

कानसे हे त्यांचं आडनाव नव्हे. बत्तीस वर्षांत त्यांच्या हातात पान्यापेक्षा कानस जास्त वेळा दिसली, म्हणून गिऱ्हाइकांनी पाडलेलं हे नाव. नवा भाग खोक्यातून निघाला तसाच बसवणं त्यांना कमीपणाचं वाटे. पट्टी आली, मार दोन हात कानस. बोल्ट आला, बघ त्याचं डोकं सरळ आहे का, आणि सरळ असलं तरी मार एक हात. सामानाबरोबर सूचनांचा कागद आलाच तर तो चहाच्या कपाखाली जाई. "कागद लिहिणाऱ्याने ही गाडी पाहिलीये का?" असं ते विचारत, आणि कागदाकडे त्याचं उत्तर नसे. एवढं सोडलं तर माणूस कामाचा पक्का होता. कानही असा तयार की गाडी कोपऱ्यावरून वळून आत येईपर्यंत कोणतं बेअरिंग गेलंय ते सांगून मोकळे होत. दहातल्या नऊ वेळा ते खरं निघे, आणि दहाव्या वेळेबद्दल ते कोणाशी बोलत नसत.

ताई म्हणजे त्यांच्याही वरचढ. वय अडुसष्ट. शाळेत छत्तीस वर्षं शिवणकाम शिकवलेलं. टाका सुताएवढा जरी वाकडा गेला तरी "उसव आणि पुन्हा घाल" हे एकच वाक्य. निवृत्त झाल्यावर ते वाक्य त्यांनी घरच्यांवर मोकळं सोडलं. यजमान गेल्यापासून त्या गावाबाहेरच्या लहानशा घरात एकट्या राहत. तिथे बस दिवसातून दोनदा यायची, तीही आली तर. पण दारात पस्तीस वर्षांची जुनी गाडी उभी होती, आणि तिच्या जिवावर ताई कोणाच्या मिंध्या नव्हत्या. भाजी, ग्रंथालय, मैत्रिणीकडे पत्त्यांचा डाव, सगळीकडे स्वतः चालवत जायच्या. गंजाशी त्यांचं जन्माचं वैर होतं. फाटक, खिडक्यांचे गज, पाण्याची टाकी, जिथे म्हणून लोखंड दिसेल तिथे त्या राखाडी गंजरोधक रंग फासत. रंगाचा डबा आणि कुंचला गाडीच्या डिकीत कायमचे मुक्कामाला होते.

ह्या सुरळीत संसारात बिब्बा घातला तो ताईंच्या मुलाने. मुलगा विमा कंपनीत होता, त्यामुळे त्याला प्रत्येक गोष्टीत अपघात दिसे. पण ह्या खेपेला त्याच्याकडे पुरावे होते. दोन महिन्यांत गाडीचा डावा आरसा दोनदा फुटला होता. डाव्या बाजूचा पत्रा घरच्याच फाटकाच्या खांबावर खरवडून निघाला होता, आणि तो खांब काही रस्ता ओलांडत नव्हता. "आई, तुझं वय झालं. गाडी विकू या. तू माझ्याकडे राहायला चल," असं त्याने जेवायच्या टेबलावर जाहीर केलं. त्याचं घर चौथ्या मजल्यावर होतं, आणि त्या घरातल्या खिडकीतून समोरच्या घराची खिडकी दिसे. ताईंनी ताट बाजूला सारलं.

तेव्हा कानसे मध्ये पडले. पडले कसले, उडीच मारली. "वयाचं काय घेऊन बसलास? तिच्या चालवण्यात काडीची खोट नाही. जुने ड्रम ब्रेक आहेत, ब्रेक लावला की गाडी डावीकडे ओढते. आवाजावरून कळतंय मला," ते भाच्याला म्हणाले. "पुढच्या दोन्ही चाकांना डिस्क टाकतो. मग बघ." खरं तर त्यांनी गाडी स्वतः एकदा चालवून पाहिली होती आणि ती सरळ गेली होती. पण रस्त्याला उतार असेल, असं त्यांनी स्वतःच ठरवून टाकलं. बहिणीत दोष आहे म्हणण्यापेक्षा गाडीत दोष आहे म्हणणं त्यांना सोपं होतं, आणि शिवाय तो धंदाही होता.

बरीच खडाजंगी होऊन शेवटी तडजोड झाली. शुक्रवारी अकरा वाजता गाडीचं पासिंग होतं. पास झाली तर गाडी ताईंकडे आणि ताई स्वतःच्या घरी. नापास झाली तर शनिवारी गिऱ्हाईक येऊन गाडी घेऊन जाणार, आणि महिनाअखेर ताई चौथ्या मजल्यावर. भाचा एवढंच म्हणाला, "मामा, मग सगळं तुझ्या ब्रेकवर आहे." कानसे यांनी छाती पुढे काढली. ती पुढचे चार दिवस हळूहळू आत जात राहिली.

सोमवारी किट आला, सोमवारीच बसला. मंगळवारी सकाळी गाडी जॅकवर चढवून कानसे यांनी चाकं हाताने फिरवली. उजवं चाक निमूटपणे फिरलं. डावं चाक मात्र फिरताना एका जागी म्हणायचं, घस्स. मग पुढची सगळी फेरी गप्प. मग पुन्हा त्याच जागी, घस्स.

डिस्क ब्रेकमध्ये मोठं गूढ असं काही नसतं. चाकामागे एक लोखंडी तबकडी फिरते आणि कॅलिपर नावाचा जबडा तिला दोन्ही बाजूंनी पकडून थांबवतो. पाय उचलला की जबड्याने सोडलं पाहिजे. इथे तो सोडत होता, पण तबकडीच एका जागी येऊन त्याला खेटत होती.

"काहीतरी घासतंय," ताई स्टुलावरून म्हणाल्या.

"ऐकू येतंय मला."

"डावीकडचं."

"ताई, मी डाव्या चाकासमोरच बसलोय."

पहिला संशय धूळ अडवणाऱ्या पत्र्यावर. तो तबकडीच्या पाठीमागे असतो आणि जरा दबला की लागतो. कानसे यांनी तो मागे वाकवला. घस्स. आणखी वाकवला. घस्स. तिसऱ्यांदा असा वाकवला की तो आता धूळ अडवण्याच्या लायकीचा राहिला नाही, तरी घस्स. मग त्यांनी आतल्या बोल्टची डोकी पाहिली. पाहिलीच आहेत तर म्हणून त्यांच्यावर एकेक हात कानसही मारली. मग चाक काढून नुसती तबकडी फिरवली, म्हणजे चाकाचा आतला काठ लागत नाही ना हे कळावं. चाक निर्दोष सुटलं. दुपारपर्यंत गॅरेजच्या फरशीवर एवढं सामान पसरलं होतं की एका गाडीच्या जागी दीड गाडी उघडल्यासारखं वाटत होतं.

"उसव आणि पुन्हा घाल," ताई म्हणाल्या.

"हे परकर-पोलकं नाहीये."

"म्हणूनच म्हणतेय. परकर असता तर एव्हाना झाला असता."

कानसे यांनी कपाळावरचा घाम पुसला, तो ग्रीससकट कपाळावरच राहिला. तीन वाजता त्यांनी निर्णय घेतला की कॅलिपर ज्या पट्टीवर बसतो तो ब्रॅकेटच जाड आला आहे. त्याला भोक पाडायला ते सोमवारी दुपारी लोखंड कातणाऱ्या जवळच्या लेथवर गेले होते, तेव्हाच तो त्यांच्या डोळ्यांत खुपला होता. म्हणजे आता कानस. तासभर कानस चालली, ताईंनी कानात कापूस घातला, आणि ब्रॅकेट एक मिलिमीटर पातळ झाला. बसवला. चाक फिरवलं. आधी फेरीत एकदा घस्स होत होतं. आता एकदा घस्स आणि एकदा घर्र.

नाचता येईना अंगण वाकडं, हे ते इतरांना ऐकवत आले होते. त्या संध्याकाळी ते स्वतःच अंगणाला नावं ठेवत घरी गेले.

बुधवारी त्यांनी किट विकणाऱ्याला फोन लावला. तो माणूस शांत होता, आणि वैतागलेल्या माणसाला शांत माणसाइतका त्रास दुसरं कोणी देऊ शकत नाही. "साहेब, दुसऱ्या कोणाची तक्रार नाही," तो म्हणाला. "कागदात लिहिल्याप्रमाणे बसवलंय ना?"

"म्हणजे काय."

"सातवा मुद्दा पाहिलात?"

कानसे यांनी फोन ठेवला आणि चहाच्या कपाखालचा कागद सोडवला. सातव्या मुद्द्यावरच कपाचा गोल डाग पडला होता. डागातून वाचता आलं ते इतकं, की तबकडी बसवण्याआधी हबचा तोंडाकडचा भाग, म्हणजे तबकडी ज्यावर टेकते ती चकती, घासून स्वच्छ करावी. कानसे यांना हसू आलं. हे तर त्यांनी सोमवारी सकाळीच केलं होतं. तारेच्या ब्रशने घासून हब लखलखीत केला होता आणि मगच ब्रॅकेट घेऊन लेथवर गेले होते. कागद लिहिणाऱ्यांची अक्कल एवढीच, असं म्हणून त्यांनी कागद पुन्हा कपाखाली ठेवला.

माणूस सगळं जग तपासून बघतो. फक्त स्वतः केलेलं काम बघत नाही. कानसे यांनी त्या दिवशी बेअरिंग तपासलं, तेलाची नळी तपासली, जबड्यातले पॅड बदलून उजवीकडचे डावीकडे घातले, ब्रेकचं तेल काढून पुन्हा भरलं. घासून पातळ केलेला ब्रॅकेट जाड करायला लेथवाल्याकडून वॉशर कापून आणला, आणि तो मागताना लेथवाल्याच्या चेहऱ्याकडे बघायचं टाळलं. घर्र गेलं. घस्स राहिलं. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी असा सगळा कारभार चालला होता.

ताई ह्या सगळ्या वेळात बसून होत्या. सकाळच्या बसने येताना घरून डबा आणत, विणकाम आणत, आणि दर तासाला एक सल्ला देत. एकदा म्हणाल्या, तेल घाल. ब्रेकवर तेल घालायचं नसतं हे कानसे यांनी त्यांना जरा चढ्या आवाजात समजावलं. ताईंनी विणकाम पुढे ओढलं. मग ताई एकदम खालच्या आवाजात म्हणाल्या, "होईल ना रे शुक्रवारपर्यंत?"

"होईल."

"माझं त्या चौथ्या मजल्यावर जमायचं नाही. तिथे संध्याकाळी पाच वाजताच दिवे लावावे लागतात."

कानसे यांनी मान वर केली नाही. "होईल म्हटलं ना," ते म्हणाले आणि उगीचच एक आवळलेला नट पुन्हा आवळला. त्यांना खरोखर भीती वाटू लागली होती. ह्या वयात बहिणीला शब्द दिला होता, आणि एका फेरीतल्या एका घस्सपायी तो खोटा पडणार होता.

गुरुवारी सकाळी त्यांनी नाक मुठीत धरून लेथवाल्याला बोलावलं. लेथवाला दोन दुकानं सोडून होता, त्यांच्याच वयाचा, आणि शब्द मोजून वापरणारा. त्याने येताना डायल आणला. डायल म्हणजे घड्याळासारखं माप, लोखंडाला केसाएवढा उंचवटा असला तरी त्याचा काटा हलतो. तो तबकडीला टेकवून त्याने चाक सावकाश फिरवलं. काटा अर्धी फेरी एकीकडे सरकला आणि अर्धी फेरी परत आला.

"तबकडी वाकडी," कानसे म्हणाले. त्यांना एवढं बरं वाटलं की काय सांगावं. किटवाल्याला काय काय सुनवायचं ह्याची त्यांनी मनात जुळवाजुळवही सुरू केली.

लेथवाल्याने तबकडी काढून नेली, लेथवर चढवली, डायल लावला आणि दहा मिनिटांनी परत आणली. "सरळ आहे."

"मग?"

"मग ती ज्यावर बसते ते बघ."

"हब? हब मी स्वतः घासलाय."

"तू घासलास म्हणून बघायचा नाही?"

लेथवाल्याने डायल हबच्या तोंडावर टेकवला. काटा अर्धी फेरी स्थिर राहिला, मग एका रेषेवर येताच टुणकन उडी मारून वर चढला, आणि उरलेली अर्धी फेरी वरच राहिला. कानसे यांनी खिशातला चष्मा काढला. तीन दिवस तो खिशातच होता, कारण कामात त्यांचा भरवसा कानावर असे. त्यांनी हबवरून नख फिरवलं. मधोमध नख अडकलं.

रंग होता. राखाडी, दोन हात दिलेला, घासलेल्या लोखंडाच्याच रंगाचा. अर्ध्या चकतीवर होता आणि अर्ध्या चकतीवर नव्हता. तबकडी एका बाजूने रंगावर टेकली होती आणि दुसऱ्या बाजूने लोखंडावर, म्हणून ती केसभर तिरकी फिरत होती. काखेत कळसा आणि गावाला वळसा.

कानसे सावकाश मागे वळले. "ताई, ह्याला रंग कोणी लावला?"

"मी," ताई विणताविणता म्हणाल्या. "सोमवारी तू भोक पाडायला गेला होतास तेव्हा. एवढं घासून चकचकीत केलंस आणि उघडं टाकलंस. गंजलं असतं. दुसऱ्या बाजूचं तू झाकून टाकलं होतंस, नाहीतर तिकडेही लावला असता."

तीन दिवस. वाकवलेला पत्रा, कापलेला ब्रॅकेट, सांडलेलं तेल, किटवाल्याचा शांत आवाज. कानसे यांच्या डोक्यात ते सगळं एकदम उकळून वर आलं. ओरडायला त्यांनी तोंड उघडलंही. पण त्यांच्या तोंडून आधी कारागिराची तक्रार निघाली. "लावलास तर लावलास, निदान पुरता तरी लावायचास. अर्धवट का सोडलास? पुरता असता तर तबकडी सरळ तरी बसली असती."

"अर्धवट?" ताईंचा आवाज चढला. छत्तीस वर्षांत त्यांना असं कोणी बोललं नव्हतं. त्या उठून हबसमोर येऊन उभ्या राहिल्या. "सोडलाय कुठे? गोल, काठापर्यंत लावलाय."

"हे काय मग? ही डावी बाजू?"

"लावलाय की."

लेथवाला आणि कानसे यांनी एकमेकांकडे पाहिलं. डावी अर्धी चकती उघडीबोडकी चमकत होती. कानसे यांनी हात पुढे केला आणि हब अर्धा फेरा फिरवला. रंगवलेला भाग डावीकडे गेला, कोरा भाग उजवीकडे आला.

"अगं बाई," ताई हळूच म्हणाल्या. "हे राहिलं कसं?"

कानसे यांनी हब आणखी अर्धा फेरा फिरवला.

"आता?"

"आता आहे की रंग."

लेथवाल्याने डायल डब्यात ठेवला आणि आपल्या दुकानात निघून गेला. कानसे बहिणीसमोर उभे राहिले. "माझ्या नाकाकडे बघ," ते म्हणाले. "नाकाकडेच. मान हलवू नकोस." आणि त्यांनी तिच्या डाव्या अंगाला हात धरून तीन बोटं वर केली. "किती बोटं?"

"कुठली बोटं?" ताई म्हणाल्या.

घासल्याचं कारण सापडलं होतं. कानसे ज्या शब्दासाठी तीन दिवस जिवाचं रान करत होते, तो आता पाळता येणार होता, आणि तो पाळून चालणार नव्हतं. आरसा डावा होता. पत्रा डावा खरवडला होता. तो खांब डावीकडचा होता. सगळं सरळ समोर मांडलेलं होतं, आणि ह्या शहाण्याने आवाज ऐकून निदान केलं होतं की ब्रेक डावीकडे ओढतात. भाच्याला चारचौघांत गप्प केलं होतं. बहीण दोन महिने अर्धा रस्ता न बघता गाडी हाकत होती, आणि भाऊ तिला नवे ब्रेक बसवून देत होता, म्हणजे तिने आणखी बिनधास्त हाकावी. रस्त्यात कोणी पोर आडवं आलं असतं तर? स्वतःचा एवढा राग त्यांना आयुष्यात आला नव्हता.

त्यांनी ताईंना स्टुलावर बसवलं आणि सांगून टाकलं. गोड शब्दांत सांगायची कला त्यांच्याकडे नव्हतीच. "ताई, तुला डावीकडचं दिसत नाहीये. कळत पण नाहीये की दिसत नाहीये. आत्ताच्या आत्ता डॉक्टरकडे जायचं."

ताई बराच वेळ लोकरीकडे बघत राहिल्या. वीण एका बाजूला टाके गळून तिरकी गेली होती. त्यांनी ती बोटाने चाचपून पाहिली. "मग तीन दिवस ब्रेक कशाला करत बसलास?" त्या म्हणाल्या.

"गाढव आहे म्हणून."

"हं," ताई म्हणाल्या. हे त्यांना मान्य दिसलं.

दुसरी गाडी नव्हती. कानसे यांनी पत्र्याच्या तुकड्याने खरवडून, रंग उतरवायच्या थिनरने पुसून हब कोरा केला, तबकडी चढवली, बोल्ट आवळले. वीस मिनिटांचं काम. कानस हातात घेतली नाही. चाक फिरवलं तर ते असं गुपचूप फिरलं की त्यांना स्वतःच्या श्वासाचा आवाज ऐकू आला. ह्या क्षणासाठी त्यांनी मनात काय काय योजलं होतं, पण आता त्यांना त्याचं काहीच वाटलं नाही. तेवढ्यात भाच्याचा फोन आला.

"मामा, होणार का गाडी पास?"

"गाडी होईल," कानसे म्हणाले आणि बाकीचं सांगितलं. "तू म्हणत होतास वय झालंय, मी म्हणत होतो ब्रेक गेलेत. तिला कोणीच विचारलं नाही, तुला दिसतंय का म्हणून. दवाखान्यात ये. आणि घर बदलायची भाषा आज काढू नकोस, नाहीतर माझ्याशी गाठ आहे."

ताई गाडीपाशी आल्या आणि सवयीने चालकाच्या दाराकडे गेल्या. कानसे तिथे आधीच बसले होते. त्या क्षणभर दार धरून उभ्या राहिल्या, मग बोनेटवर हात टेकत टेकत वळसा घालून शेजारी येऊन बसल्या. पस्तीस वर्षांत त्या जागेवर त्या पहिल्यांदाच बसत होत्या. पट्टा कुठून ओढायचा हे त्यांना कळेना, तो कानसे यांनी लावून दिला.

"पासिंग उद्या आहे," ताई म्हणाल्या.

"राहू दे पासिंग."

"म्हणजे मी गेलेच चौथ्या मजल्यावर."

"कोण म्हणतं? मी नेईन की तुला. ग्रंथालय, भाजी, पत्ते."

"तू? तुझं सकाळचं आंघोळीचं पाणी दुपारी तापतं."

कानसे यांनी गाडी सुरू केली. कबूल केलेलं पार पाडता येईल का, हे त्यांचं त्यांनाच ठाऊक नव्हतं. दवाखान्याचा रस्ता एकेरी होता, भर दुपारची गर्दी होती. पहिल्या चौकात त्यांनी ब्रेकवर पाय ठेवला आणि गाडी लोण्यात सुरी रुतून थांबावी तशी थांबली.

"छान लागतोय ब्रेक," ताई म्हणाल्या. त्यांच्या तोंडून पहिल्या खेपेला पसंत पडलेलं भावाचं हे पहिलंच काम असावं. मग काही वेळाने त्यांनी विचारलं, "आत्ता डावीकडे काय आहे?"

"चपलांचं दुकान. एक सायकलवाला, मध्येच घुसतोय मेला. औषधांचं दुकान. आता तुमच्या शाळेची भिंत आली."

"ती भिंत भकास झाली आता. वर केवढी बोगनवेल होती. आम्ही लावलेली. दोन महिने झाले, तोडून टाकली त्यांनी. मी हेडमास्तरांना खरमरीत पत्र लिहिलं."

कानसे यांनी डावीकडे पाहिलं. वेल भिंतीच्या ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत पसरली होती, गुलाबी फुलांचा भार फूटपाथवर उतरला होता, आणि माणसं फांद्या हाताने बाजूला करून चालत होती.

"काय उत्तर आलं?" त्यांनी विचारलं.

"लिहितात, बाई, वेल जागच्या जागी आहे, कधीही येऊन पाहा." ताईंनी पट्टा चाचपला. "मला वाटलं, धडधडीत खोटं बोलतायत. मी पुन्हा लिहिलं. फार वाईट लिहिलं रे मी त्यांना."

कानसे यांनी गाडी थांबवली. "ताई, मान वळव," ते म्हणाले. "आणखी. अजून थोडी."

ताईंनी मान पूर्ण वळवली आणि त्या बघत राहिल्या. मागच्या गाड्यांनी हॉर्न वाजवायला सुरुवात केली, एक जण खिडकीतून डोकं काढून काही तरी बोललाही, पण कानसे यांनी ब्रेकवरचा पाय उचलला नाही.